शाळेत मुलांच्या व्हायरस टेस्टिंगला मदत करायला जाताय? मग क्रम नीट समजून घ्या

टेस्टिंगला मदत करायला येणाऱ्या बहुतेकांना वाटतं की अवघड काम म्हणजे नाकात स्वॅब (नमुना घ्यायची मऊ टोकाची काडी) घालणं. खरं तर ते सगळ्यात सोपं आहे, आणि बऱ्याच शाळांमध्ये मोठी मुलं ते स्वतःच करतात, आपण फक्त समोर उभं राहून सांगायचं असतं. चुका होतात त्या टेबलावर. एकाची ट्यूब दुसऱ्याच्या नावावर जाते, पंधरा मिनिटांनी वाचायची टेस्ट चाळीस मिनिटांनी वाचली जाते, गारठलेलं किट तसंच वापरलं जातं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे एखाद्या पोराचा रिझल्ट त्याच्या आईबाबांच्या आधी अख्ख्या वर्गाला कळतो. त्याच त्याच चुका परत परत होतात म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

इथे मी मुख्यतः कोविड किंवा फ्लूच्या रॅपिड अँटिजेन टेस्टबद्दल बोलतेय, म्हणजे कॅसेटवर (छोट्या चपट्या प्लास्टिकच्या पट्टीवर) रेघा येतात ती. पीसीआर, म्हणजे लॅबमध्ये होणारी टेस्ट असेल तर आपलं काम फक्त नमुना घेऊन नीट पाठवण्यापर्यंत असतं, पण लेबल आणि खोलीबद्दलचं सगळं तिथेही तसंच लागू. आणि प्रत्येक किट थोडं वेगळं असतं, त्यामुळे किटमधला कागद आणि माझं लिखाण यात फरक दिसला तर कागदाचंच ऐकायचं.

१. हो म्हणायच्या आधी

नाव देण्याआधी शाळेला विचारा की मला नक्की कुठलं काम देताय. नोंदणी, स्वॅब घेताना देखरेख, नमुना प्रोसेस करणं, रिझल्ट लिहिणं, मुलांना वर्गातून आणणं-नेणं आणि साफसफाई, ही सगळी वेगवेगळी कामं आहेत. "जे लागेल ते करू" हे ऐकायला छान वाटतं पण त्यातूनच गोंधळ होतो, कारण नमुने हाताळणारा माणूस मधेच उठून नोंदणीचं पेन उचलतो आणि मग त्याच पेनाला पुढची सगळी मुलं हात लावतात. एका सत्रात एका माणसाला एकच काम, शक्यतो.

दुसऱ्याच्या नाकातून स्वॅब घ्यायचा असेल तर त्यासाठी ट्रेनिंग आणि परवानगी लागते का, आणि वैद्यकीय जबाबदारी कोणाची, हे स्पष्ट विचारून घ्या. मुलांसोबत काम आहे म्हणून तुमची ओळख आणि पार्श्वभूमी तपासली जाईल, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, न तपासता घेत असतील तर उलट काळजी करा.

तुम्हाला ताप, खोकला, घसादुखी असेल तर त्या दिवशी जायचं नाही, सरळ फोन करून सांगायचं. घरी केमोथेरपी चालू असलेलं किंवा प्रतिकारशक्ती खूप कमी असलेलं कोणी असेल तर नमुन्यांचं टेबल घेऊ नका, फोन करणं, याद्या बनवणं अशी कामं मागा. तीही तितकीच लागतात.

आणि स्वतःच्या मुलाच्या वर्गाचं रिझल्ट टेबल घेऊ नका. नियम असो-नसो. घरी जेवताना एक शब्द निसटला तरी त्या दुसऱ्या पोराला शाळेत त्रास होतो.

२. संमती आणि यादी

पालकांची लेखी संमती आलेली नसेल तर टेस्ट नाही. मूल म्हणालं "माझ्या आईला चालेल" तरी नाही. फोनवर तोंडी विचारून करून टाकू असंही नाही, शाळेने तशी पद्धत आधीच ठरवून तिची नोंद ठेवली असेल तरच.

याचं दुसरं टोक लोक विसरतात. पालकांची सही असली तरी टेबलासमोर बसलेल्या मुलाचं हो लागतंच. घाबरून मान फिरवणाऱ्या मुलाचं डोकं धरून स्वॅब घालायचा नाही, कधीच नाही. थोडा वेळ बाजूला बसवा, दुसऱ्या मुलाचं बघू द्या (त्याची हरकत नसेल तर), तरी नको म्हणालं तर यादीत "घेतली नाही" लिहा आणि त्याच्या पालकांना कळवायचं काम शाळेचं.

यादीत प्रत्येकाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, वर्ग, आज नक्की उचलला जाईल असा पालकांचा फोन नंबर, आणि एक रकाना विशेष सूचनांचा ठेवा. त्यात नाकातून रक्त येण्याची सवय, नाकाचं अलीकडचं ऑपरेशन, स्पर्शाचा किंवा आवाजाचा खूप त्रास होणारी मुलं, हे सगळं आधीच आलेलं असलं की टेबलावर धांदल होत नाही.

सावधान: ज्याला आत्ता ताप-खोकला आहे त्या मुलाला सगळ्यांच्या रांगेत उभं करायचं नाही. ही रांग लक्षणं नसलेल्यांसाठी आहे. लक्षणं असलेल्या मुलाने शाळेतच यायला नको, आलंच तर सरळ वेगळ्या खोलीत बसवून पालकांना फोन.

३. खोली लावणं, आणि हे आदल्या दिवशी

सकाळी मुलं दारात उभी असताना टेबलं सरकवत बसलात तर पुढचं सगळं बिघडतं.

मोठी, हवेशीर खोली घ्या, खिडक्या उघड्या ठेवता आल्या पाहिजेत, कारण इथे एकामागून एक मुलं मास्क नाकाखाली घेणार आहेत. आत यायचं दार एक आणि बाहेर जायचं दुसरं. दोन दारं नसतील तर जमिनीवर पट्ट्या चिकटवून वाट आखा. स्वॅब घ्यायच्या जागांमध्ये दोन मीटर अंतर. कार्पेट नको, कापडी खुर्च्या नकोत, जे पुसता येईल तेच.

टेबलांचा क्रम असा: नोंदणी, मग स्वॅबची जागा, मग प्रोसेसिंग, मग कॅसेट ठेवायची सपाट जागा. प्रोसेसिंगपासून पुढचा भाग "दूषित" समजायचा आणि तिथली वस्तू परत नोंदणीकडे न्यायची नाही, पेनसुद्धा नाही. कॅसेटचं टेबल रांगेतल्या मुलांना दिसता कामा नये. मधे एक फळा आडवा लावला तरी पुरतं, पण लावा. पोरांची नजर तीक्ष्ण असते, दोन रेघा लांबूनही दिसतात.

वेगळी खोली आधीच ठरलेली हवी: खिडकी, खुर्ची, पाणी, टिश्यू, आणि तिथे थांबणारं शाळेतलं एक मोठं माणूस. पॉझिटिव्ह आल्यावर जागा शोधायला लागलात तर ते मूल तोपर्यंत कॉरिडॉरमध्ये उभं असतं आणि सगळे बघत असतात.

किटचं बघा. बहुतेक किट २ ते ३० अंश सेल्सियसमध्ये ठेवायची असतात, आणि वापरताना खोलीच्या तापमानाला आलेली हवीत. रात्रभर थंड जागी किंवा गाडीच्या डिकीत राहिलेलं खोकं आणून लगेच फोडलं तर रिझल्टवर भरवसा नाही, किमान अर्धा तास खोलीत राहू द्या. उन्हात तापलेलंही तितकंच वाईट.

तपासा, खोली सोडण्याआधी:
- किटची मुदत आणि लॉट नंबर लिहून घेतला का
- सगळी किट एकाच कंपनीची आहेत का. दोन प्रकारची असतील तर एका सत्रात एकच प्रकार, कारण थेंब आणि मिनिटं वेगळी असतात
- मोठे आकडे दिसणारं घड्याळ
- टिश्यू, सॅनिटायझर, प्रत्येक जागेला झाकणाची कचरापेटी
- ग्लोव्हज वेगवेगळ्या साइजचे, सैल ग्लोव्हजमध्ये बफरचे (किटमधल्या, नमुना मिसळायच्या द्रावाचे) थेंब मोजून टाकता येत नाहीत

४. मास्क, ग्लोव्हज वगैरे

आधी हात, मग एप्रन, मग मास्क, मग चष्मा किंवा फेसशील्ड, शेवटी ग्लोव्हज. काढताना ग्लोव्हज सगळ्यात आधी आणि मास्क सगळ्यात शेवटी, तोही खोलीबाहेर आल्यावर, नाड्या धरून, पुढच्या बाजूला हात न लावता. प्रत्येक टप्प्याला हात साफ. सॅनिटायझरने २० ते ३० सेकंद, साबणाने धुतले तर ४० ते ६० सेकंद, आणि सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल किमान ६० टक्के हवं.

ग्लोव्हजबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज असा की घातले म्हणजे आपण सुरक्षित. ग्लोव्हज घालून मास्क सारखा केला, फोन बघितला, कपाळ खाजवलं, की झालं सगळं व्यर्थ. फोन एप्रनच्या आत ठेवून द्या आणि विसरा. मुलाला किंवा त्याच्या स्वॅबला हात लागला की पुढच्या मुलाआधी ग्लोव्हज बदला, ग्लोव्हजवरच सॅनिटायझर चोळून काम चालवू नका.

५. नोंदणी आणि लेबल: इथे घाई नको

मला एकच गोष्ट सांगायची परवानगी असती तर ही सांगितली असती: नावाचं लेबल लागल्याशिवाय स्वॅबचं पाकीट उघडायचं नाही.

मूल समोर आलं की तुम्ही नाव वाचून दाखवायचं नाही, त्याला सांगायला लावायचं. "तू सुमित ना?" विचारलं की घाबरलेलं मूल कशालाही मान हलवतं. "तुझं पूर्ण नाव सांग, वाढदिवस कधी?" असं विचारा, यादीशी जुळवा, मग लेबल. एका वर्गात एकाच नावाची दोन-तीन मुलं असणं अगदी नेहमीचं आहे, म्हणून नाव आणि जन्मतारीख दोन्ही जुळली पाहिजेत.

लेबल ट्यूबला एक, कॅसेटला एक, यादीत एक. कॅसेटवर चिकटवताना खिडकी आणि थेंब टाकायचा खड्डा मोकळा राहील असं. बारकोड असेल तर आडवा-तिडवा गुंडाळू नका, स्कॅन होत नाही आणि मग कोणीतरी ट्यूब हातात घेऊन फिरवत बसतं. आधीच शंभर लेबलं चिकटवून ट्यूबा रांगेत लावून ठेवायची आयडिया सगळ्यांना सुचते आणि ती वाईट आहे, कारण मधलं एक मूल गैरहजर असलं की त्याच्या पुढचं सगळं एकाने सरकतं आणि संपेपर्यंत कळतही नाही.

तपासा: एका जागेवर एका वेळी एकच मूल, एकच ट्यूब, एकच कॅसेट. दुसरी ट्यूब दिसली तर थांबा.

६. स्वॅब

मुलाला आधी नाक शिंकरायला सांगा, टिश्यू पेटीत टाकायला लावा, हात सॅनिटाइज. विचारा की गेल्या २४ तासांत नाकातून रक्त आलंय का, आलं असेल तर वैद्यकीय जबाबदारी असलेल्या माणसाला विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. नाकात एका बाजूला रिंग असेल तर दुसरी नाकपुडी.

मूल स्वतः करणार की कोणीतरी घेणार हे वयावर आणि किटवर आहे. बऱ्याच घरगुती किटच्या कागदावर १४ वर्षांपासून पुढे स्वतः आणि २ ते १३ वर्षांच्या मुलांचा मोठ्यांनी घ्यावा असं लिहिलेलं असतं, आपल्या किटचा कागद वाचून घ्या.

स्वॅबचं पाकीट काडीच्या टोकाकडून सोलायचं, कापसाच्या टोकाकडून नाही. त्या मऊ टोकाला बोट, टेबल, मास्क काहीही लागलं तर तो स्वॅब फेकायचा. "थोडंसंच लागलं" असं काही नसतं.

मास्क फक्त नाकाखाली, पूर्ण काढायची गरज नाही. स्वॅब नाकपुडीत साधारण दीड-दोन सेंटिमीटर, लहान मुलांत त्याहूनही कमी, अडथळा जाणवला की थांबायचं, आणि वर डोळ्यांच्या दिशेने नाही तर सरळ मागे. नाकपुडीच्या भिंतीला टेकवून गोल फिरवायचा, कमीत कमी चार-पाच वेळा, साधारण १५ सेकंद. मग तोच स्वॅब दुसऱ्या नाकपुडीत, तसंच.

सगळ्यात जास्त चूक इथे होते: मुलं स्वॅब नाकाच्या मधोमध धरून बोटात नुसता फिरवतात, भिंतीला लागतच नाही. गुदगुल्या होऊन दोन सेकंदांत बाहेर काढतात. त्यांच्यासोबत मोठ्याने मोजा, एक ते पंधरा, सावकाश, मुलं आपोआप तुमच्या मोजण्याबरोबर राहतात. शिंक आली तर कोपरात, आणि तुम्ही समोर न उभं राहता थोडं बाजूला उभं राहायचं. डोळ्यात पाणी येणं नॉर्मल आहे, हे आधी सांगितलं तर मूल घाबरत नाही. दुखणार नाही असं मात्र सांगू नका, "विचित्र वाटेल, पंधरापर्यंत मोजलं की संपलं" हे खरं आहे आणि ते चालतं.

खूप लहान मुलांसाठी नाक नको वाटत असेल तर दुसरे मार्गही आहेत. २०२१ मध्ये जर्मनीच्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यातल्या प्राथमिक शाळांत मुलं स्वॅब ३० सेकंद लॉलीपॉपसारखा चोखायची आणि वर्गाचे स्वॅब एकत्र करून पीसीआर व्हायची, तो एकत्र नमुना पॉझिटिव्ह आला तर मग एकेकाची. पण हे शाळेने आणि लॅबने ठरवायचं असतं. नाकाचं किट तोंडात वापरायचं नाही. आणि थुंकीची किंवा घशाची टेस्ट असेल तर आधी अर्धा तास खाणं-पिणं बंद, हे आदल्या दिवशीच पालकांना कळवा.

७. प्रोसेसिंग

कॅसेटचं पाकीट आधी फोडून ठेवू नका, हवेतला ओलावा लागतो. मूल स्वॅब घेत असताना फोडा.

स्वॅब बफरमध्ये घालून कागदावर सांगितलंय तितक्या वेळा फिरवायचा, ट्यूब बाहेरून बोटांनी दाबून, आणि बाहेर काढताना टोक ट्यूबच्या भिंतीशी पिळत काढायचं. हे पिळणं लोक विसरतात आणि नमुना स्वॅबमध्येच राहतो. टोपण घट्ट. मग ट्यूब सरळ उभी उलटी धरून सांगितले तितकेच थेंब. तीन म्हणजे तीन. जास्त टाकलं म्हणजे जास्त चांगलं असं नाही, पट्टी भरून वाहते आणि रेघा नीट येत नाहीत. थेंबाऐवजी बुडबुडा पडला तर तो मोजायचा नाही.

थेंब पडल्या क्षणी कॅसेटच्या कडेला वेळ लिहायची, आणि सुरू झाल्याची नाही तर वाचायची वेळ लिहा. म्हणजे ९:१२ ला टाकलं आणि १५ मिनिटांची टेस्ट असेल तर ९:२७. रिझल्ट वाचणाऱ्याला डोक्यात बेरीज करायला लागत नाही, आणि वीस कॅसेट पुढ्यात असताना ही बेरीजच चुकते. त्यानंतर कॅसेट हलवायची नाही, तिरकी करायची नाही.

सावधान: बफरची ट्यूब मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. काही किटच्या बफरमध्ये सोडियम अ‍ॅझाइड असतं. डोळ्यात किंवा त्वचेवर गेलं तर भरपूर पाण्याने धुवायचं, पोटात गेलं तर लगेच डॉक्टर, आणि किटचं खोकं सोबत न्यायचं.

मोठी मुलं स्वतः थेंब टाकणार असतील तर लक्ष ठेवा. कोला किंवा संत्र्याचा रस टाकला तर आम्लामुळे पट्टीवरच्या अँटीबॉडी बिघडतात आणि खोटी रेघ येऊ शकते, आणि शाळेला सुट्टी मिळावी म्हणून हे करून बघणारी मुलं असतात. ओरडू नका, नवीन स्वॅब तुमच्या समोर परत घ्या.

८. वाचणं

सी (C) रेघ म्हणजे कंट्रोल, टेस्ट नीट चालली हे दाखवणारी, आणि टी (T) म्हणजे टेस्टची रेघ. ती नसेल तर टेस्ट बाद, टी रेघ असली तरी बाद, नवीन किट आणि नवीन स्वॅब. फक्त सी म्हणजे निगेटिव्ह. सी आणि टी दोन्ही म्हणजे पॉझिटिव्ह, टी कितीही फिकट असली तरी. "अगदी पुसट आहे, नाहीच म्हणू" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. चांगल्या उजेडात वाचा, शंका असेल तर दुसऱ्याला दाखवा, पण तुमचं मत आधी न सांगता.

वेळेआधी वाचून निगेटिव्ह लिहू नका, फिकट रेघ शेवटच्या मिनिटांत उमटते. आणि कागदावर दिलेली शेवटची मर्यादा उलटून गेली, बऱ्याच किटमध्ये ती २० किंवा ३० मिनिटं असते, तर जे दिसतंय ते मोजायचं नाही, कारण पट्टी वाळताना सावलीसारखी रेघ येते. मर्यादा हुकली तर टेस्ट परत करायची. मुलाला परत बोलवायचा कंटाळा येतो, पण दुसरा मार्ग नाही.

निगेटिव्ह आलेल्याला "तुला काही नाही" सांगू नका. अँटिजेन टेस्ट पीसीआरपेक्षा कमी संवेदनशील असते, सुरुवातीच्या दिवसांत चुकते, म्हणूनच ४८ तासांच्या अंतराने परत करायला सांगतात. "आज निगेटिव्ह आहे, मास्क आणि हात धुणं चालू ठेव" इतकंच.

९. पॉझिटिव्ह आलं तर

तुम्ही मुलाला सांगायचं नाही. पालकांना फोनही तुम्ही करायचा नाही. आधीच ठरलेल्या शिक्षकाला किंवा नर्सला शांतपणे कळवायचं, आवाज न देता, चिठ्ठीवर मुलाचा यादीतला नंबर लिहून दिला तरी चालेल. त्या माणसाने मुलाला वर्गातून बोलवायचं, दप्तरासकट, आणि हीच गोची असते. दप्तर घेऊन निघालेलं मूल म्हणजे पॉझिटिव्ह हे पोरांना पहिल्याच दिवशी कळतं. यावर उपाय सोपा आहे: त्या दिवशी टेस्टला सगळ्यांनीच दप्तर घेऊन यायचं आणि रिझल्ट येईपर्यंत वर्गात परत जायचं नाही, किंवा मधेमधे वेगळ्या कामासाठीही मुलांना बोलवत राहायचं. शाळेशी आधी बोलून यातलं काहीतरी ठरवाच.

वेगळ्या खोलीत मुलाला एकटं ठेवायचं नाही, दार पूर्ण बंद करून एकच मोठं माणूस आत असंही नको. मूल रडतं ते बहुतेक वेळा आजाराला घाबरून नाही, "माझ्यामुळे आजीला होईल का", "सगळे मला चिडवतील का" म्हणून. तिथे थांबणाऱ्याने ऐकून घ्यायचं, तुझी चूक नाही हे स्पष्ट शब्दांत सांगायचं, आणि आई-बाबा किती वाजता येतायत ते सांगायचं. खोटा धीर नको. पुढची पीसीआर, घरी राहायचे दिवस, जवळच्यांना कळवणं, हे सगळं तिथल्या आरोग्य विभागाच्या नियमाने शाळा सांगेल, तुम्ही अंदाजाने दिवस सांगू नका.

रिझल्टच्या यादीचा फोटो काढायचा नाही, ग्रुपवर टाकायचा नाही, घरी न्यायची नाही. "आज किती निघाले?" असं दुसऱ्या पालकांनी विचारलं तरी आकडासुद्धा सांगायचा नाही, शाळेला विचारा म्हणायचं. छोट्या वर्गात आकड्यावरून नाव कळतं.

१०. आवरताना

प्रत्येक मुलानंतर टेबल आणि खुर्चीची पाठ पुसायची, सत्र संपल्यावर सगळं. ७० टक्के अल्कोहोल चालतं, नाहीतर ०.१ टक्के हायपोक्लोराइट, म्हणजे ५ टक्क्यांचं ब्लीच असेल तर १ भाग ब्लीचला ४९ भाग पाणी. रोज ताजं बनवा, फवारू नका, कापडाने पुसा आणि किमान मिनिटभर ओलं राहू द्या. ब्लीचमध्ये अ‍ॅसिड किंवा अमोनियावालं क्लीनर मिसळलं तर विषारी वायू निघतो, त्यामुळे दोन्ही एका बादलीत कधीच नाही.

वापरलेले स्वॅब, ट्यूब, कॅसेट डबल पिशवीत, तोंड बांधून, शाळेने ठरवलेल्या पद्धतीने. पिशवी दाबून हवा काढायची नाही.

मग मोजणी. यादीत आलेली मुलं, वापरलेली लेबलं, लिहिलेले रिझल्ट आणि "बाद" झालेली किट, या आकड्यांचा ताळा बसला पाहिजे. बसला नाही तर पिशवी बांधायच्या आधी शोधा, नंतर कॅसेट उघडून बघता येत नाही. किटचा साठा आणि लॉट नंबर लिहून ठेवा, एखाद्या लॉटमध्ये बादचं प्रमाण जास्त दिसलं तर समन्वयकाला त्याच दिवशी सांगा.

घरी जाऊन कपडे बदला, आंघोळ करा. पुढच्या काही दिवसांत तुम्हाला घसा, ताप, सर्दी काही जाणवलं तर पुढच्या सत्राला न जाता आधी स्वतःची टेस्ट करा आणि शाळेला कळवा, म्हणजे तुमच्या जागी दुसरं कोणीतरी बघायला त्यांना वेळ मिळेल.